चाळीस दिवसांची शिकवणी

फ्रिज खाकरला.

दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. रुंजी शाळेत, भांडी घासून पालथी घातलेली, शेजारच्या खानोलकरकाकूंची झोप नुकतीच लागलेली. मला इतकी शांतता हवी होती की पंखासुद्धा बंद करून बसले होते. चाळीस मिनिटं फक्त माझी. चेन्नईच्या समुद्री शेवाळ प्रयोगशाळेला पाठवायच्या अर्जाचं पहिलं वाक्य कुठे जुळत आलं होतं, तेवढ्यात फ्रिजने घसा साफ केल्यासारखा तो आवाज काढला. त्या आवाजाचे बावीस प्रकार होते. निवडायचा कंटाळा केला म्हणून हे खाकरणं आमच्या नशिबी आलं.

"शर्वाणीताई, आजचं विरजण कोणतं लावू?"

"दह्याचं."

"दह्यात चौदा प्रकार आहेत, ताई. घट्ट, अतिघट्ट, मधुर, आंबूस, पित्तशामक, निद्रापूरक..."

"दही लाव रे बाबा. साधं. माझी आजी लावायची तसं."

"आजीच्या दह्यात सहा प्रादेशिक पर्याय आहेत. मालवणी आजी, घाटावरची आजी..."

मी उठले आणि त्याची वायर उपटली. परत येऊन बसले तर वाक्य गेलेलं. त्या दिवशी ते पुन्हा काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी दूध मात्र नासलं.

मी काही जुन्या जमान्याची बाई नाही. खाडीतल्या शेवाळावर काम करते, अर्धा दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. यंत्रांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते सारखं विचारण्याशी. आमच्या कुडाळात आता रिक्षासुद्धा विचारते, रस्ता सावलीचा, शांत की गप्पांचा? शाळा फॉर्म पाठवते, 'आपल्या पाल्याचा सोमवार आपणच घडवा', आणि खाली अठ्ठावीस चौकोन. घसा दुखतोय म्हणून डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. पाच उपचारपद्धती, प्रत्येकीचे फायदे-तोटे, टक्केवारी. "निर्णय सर्वस्वी तुमचा," म्हणाले. अहो, मग तुम्ही तिथे कशाला बसलाय? जो तो आपली जबाबदारी अदबीने माझ्या ताटात वाढून मोकळा होतो, वर 'स्वातंत्र्य' म्हणून लिंबाची फोड.

त्यात आमचे हृषीकेशराव. माझा नवरा मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे, सहा महिने समुद्रावर, दोन महिने घरी. घरात काही ठरवायचं असलं की पडद्यावर त्याचा उन्हाने रापलेला चेहरा येतो, मनापासून हसतो आणि म्हणतो, "तू म्हणशील ते, शरू." माझ्या मैत्रिणींना वाटतं, किती समजूतदार! मला मात्र ते ऐकलं की हातातलं लाटणं पडद्यावर फेकावंसं वाटतं.

आणि मग एके सकाळी रुंजी मोज्यांपुढे बसून रडली.

सात वर्षांची माझी पोर. सात जोड जमिनीवर ओळीने मांडलेले, तिच्या एका पायात काही नाही, दुसऱ्यातही काही नाही. स्कूलबस खाली भोंगा वाजवतेय.

"अगं घाल ना कुठलेही!"

"कुठलेही म्हणजे कुठले?"

"हे पिवळे घाल."

"पण मग निळ्यांना काय वाटेल?" असं म्हणून तिने हुंदका दिला. साधासुधा नव्हे. पोटातून आलेला, थकलेल्या माणसाचा हुंदका. मी तिला मांडीवर घेतलं. सकाळपासून तिला किती प्रश्न विचारले गेले ते मोजायचा प्रयत्न केला. टूथपेस्टने तीन, दुधाच्या पेल्याने चार, आरशाने वेणीबद्दल पाच. बस निघून गेली. त्या दिवशी मी ठरवलं, की हिला कानकौल घ्यायचा.

*

कंपनीने त्या यंत्राला काहीतरी लांबलचक नाव दिलं होतं. आमच्याकडे पहिल्या आठवड्यातच त्याचा 'कानकौल' झाला. कारण कौल म्हणजे काय, ते आमच्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

माझे वडील, आबा, कुणकेवाडीच्या रवळनाथाच्या देवळाचे गुरव. गावात कुणाचं काही अडलं, सोयरीक जमवायची आहे, विहीर कुठे खणायची, घर बांधू की थांबू, की माणूस देवळात येतो. आबा पाषाणाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि मग सगळे गप्प बसून बघत राहतात. उजवी पाकळी आधी पडली तर देवाचा होकार. डावी पडली तर नकार. लहानपणी मी तासन् तास ती पडणारी पाकळी बघत बसायची. मला देवापेक्षा जास्त विश्वास त्या शांततेवर होता. सगळं गाव एका पाकळीकडे बघतंय आणि कुणीही कुणाला काहीही विचारत नाहीये!

कानकौलही असाच. उजव्या कानात एक मणी, डाव्या कानात एक. दोन गोष्टी समोर आल्या की ज्या बाजूला हलकी थरथर होईल ती घ्यायची. पण मागे देव नाही, वीज आहे.

आपण एखादी गोष्ट निवडली असं आपल्याला ज्या क्षणी वाटतं, त्याच्या जरासं आधीच मेंदूचा तोल एका बाजूला गेलेला असतो. तराजूत दाणा पडायच्या आधीच पारडं हलावं, तसं काहीतरी. 'मी विचार केला आणि ठरवलं' हे आपण मागाहून स्वतःला सांगतो. कानाच्या पोकळीतली कातडी मेंदूला बरीच जवळ असते. तिथे टेकलेले संवेदक तोल जातानाचे बारीक तरंग पकडतात. चाळीस दिवस, रोज अर्धा तास, माणसाला चित्रांच्या जोड्या दाखवायच्या. समुद्र की डोंगर, भाकरी की पोळी, गर्दी की एकांत. अशा हजारो जोड्यांवरून यंत्र तुमचा एक नकाशा तयार करतं, कुठे काय समोर आलं की तुम्ही कुठे झुकता याचा. या चाळीस दिवसांना 'शिकवणी' म्हणतात. विद्यार्थी यंत्र, शिक्षक तुम्ही.

जोडी दाखवल्यावर आपण एक बटण दाबायचं असतं, पण ते नुसतं आपलं लक्ष जाग्यावर ठेवायला. आमच्या विक्रेत्या वालावलकर मॅडमनी मला हे तीनतीनदा सांगितलं होतं. "बटण तुम्ही कुठलंही दाबा हो, यंत्र बटण बघतच नाही. ते बटणाच्या आधीचं बघतं. त्याच्याशी खोटं बोलता येत नाही. कारण तुम्ही खोटं बोलायचं ठरवता ना, त्याच्या आधीच त्याचं काम संपलेलं असतं."

मी हसले होते. मला कोणाशी खोटं बोलायचं होतं?

माझा कानकौल मी आधीच घेतला होता, आणि खरं सांगते, मला पंख फुटले. दही? डावी थरथर. झालं. रिक्षा? उजवी. कणीक, साबण, पडद्याचा रंग, खानोलकरकाकूंच्या भिशीला जायचं की डोकं दुखतंय म्हणायचं, सगळं अर्ध्या क्षणात. निर्णयही कुणा परक्याचा नाही, माझाच, फक्त तासभर घोळवून घोळवून जिथे पोचले असते तिथे आधीच पोचवलेला. अर्जाचं पहिलं वाक्य परत सुचलं. पाठोपाठ दुसरंही. चेन्नईला अर्ज गेला.

आबांना दाखवला तेव्हा त्यांनी मणी तळहातावर घेऊन उलटापालटा करून पाहिला. "म्हणजे आता देवाक सुट्टी दिल्यात काय?" म्हणाले आणि मिशीतल्या मिशीत हसत तो परत दिला.

*

मुलांच्या कानकौलात एक फरक असतो. बारा वर्षांखालच्या मुलांचा मेंदू रोजच्या रोज वाचायला कायद्याने बंदी आहे, आणि तो असतोही फार चळवळ्या, क्षणात इकडे क्षणात तिकडे. म्हणून मुलांची फक्त शिकवणी करायची. एकदा नकाशा तयार झाला की पुढे दोन वर्षं यंत्र त्या नकाशावरून सांगतं. रोज कानात वाचत बसत नाही.

रुंजीच्या शिकवणीचे पहिले दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी तिचे कान खाजले. चौथ्या दिवशी ती उलटी पडून पाय भिंतीला लावून चित्रं बघायला लागली. पाचव्या दिवशी म्हणाली, "आई, तो बघ डोंगर. आता समुद्र. आता परत डोंगर. हे संपणारच नाही." आणि मणी काढून उशीखाली ठेवले. वालावलकर मॅडमचा फोन आला, दोन दिवस खाडा झालाय, तिसरा झाला तर पहिल्यापासून सुरू करावं लागेल.

आता मी काय केलं ते सांगते. आणि ज्या आया हे वाचतील त्यांनी आधी आपापल्या माळ्यावर नजर टाकावी आणि मग मला बोल लावावा.

दिवाळीत रुंजीने केलेला किल्ला, ज्याचा सोसायटीत पहिला नंबर आला, तो मी केला होता. बुरुजांवरचे अळीव मी पेरले होते. पहिलीतली तिची 'माझा आवडता पक्षी' ही वही मी केली, तिच्यासारखं वाकडं अक्षर काढायला मला दोन दिवस लागले. शाळेच्या प्रदर्शनात सौरचूल मांडली होती तिथे सगळ्या आया एकमेकींच्या चुली निरखत होत्या आणि पोरं मागे लपाछपी खेळत होती. पोर दमलेलं असतं, उद्या द्यायचं असतं, आणि आपल्याला ते अर्ध्या तासात जमतं. आपण करून टाकतो.

तर मी करून टाकलं. मणी माझ्या कानात घातले आणि दुपारच्या त्या माझ्या चाळीस मिनिटांतली तीस मिनिटं रोज रुंजीच्या शिकवणीला बसले. छत्तीस दिवस. अगदी प्रामाणिकपणे हं! मनात रुंजी होऊन बसायची. फणस दिसला की म्हणायची, रुंजीला फणस आवडतो, आणि फणसाचं बटण दाबायची. गर्दी आणि एकांत आले की म्हणायची, रुंजीला जत्रा आवडते, आणि गर्दीचं दाबायची. मला वाटायचं, माझ्याइतकं तिला कोण ओळखतं?

बटणाबद्दल मला काय सांगितलं होतं, ते तेव्हा आठवलं नाही. म्हणजे, नसेलच आठवलं. आज नक्की सांगता येत नाही.

*

घर सुधारलं. मोजे झाले, वेणी झाली, बस वेळेवर. रुंजी आरशापुढे उभी राहायची, मान जराशी तिरकी करायची, कानात थरथर झाली की त्या बाजूचं उचलायची. रडणं नाही, हट्ट नाही. खानोलकरकाकू म्हणाल्या, "काय गं जादू केलीस? आमच्या नातवाला पाठवू का तुझ्याकडे?" वर्गशिक्षिकेने प्रगतिपुस्तकात 'वयाच्या मानाने प्रगल्भ' असं लिहिलं. मी ते पान हृषीला दाखवलं. तो म्हणाला, "तुझ्यावर गेलीय."

हळूहळू काही गमती दिसायला लागल्या, पण त्या तेव्हा गमतीच वाटल्या. वाढदिवसाला तिने गुलाबी सोडून राखाडी फ्रॉक घेतला. चित्रकलेच्या वर्गाऐवजी 'काही नाही' हा पर्याय निवडला. दूध सोडलं आणि माझ्या कपातला चहा बशीत मागायला लागली. एकदा दुपारी मी खोलीत डोकावले तर ती खिडकीची दारं लावून, पंखा बंद करून, पलंगावर नुसती बसली होती.

"काय झालं गं, राणी?"

"काही नाही. थोडा वेळ एकटी बसते. कौल आला."

मी दार लोटून घेतलं आणि हसत हसत हृषीला निरोप पाठवला, आपली लेक साध्वी होणार.

एप्रिलमध्ये चेन्नईचं पत्र आलं. निवड झाली होती. अठरा महिने, जूनपासून. राहायला दोन खोल्या, जवळच शाळा, मूल बरोबर आणलं तरी चालेल. शेवाळापासून हाडं जोडणारा डिंक करण्याचं काम होतं. आठ वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते.

जायचं हे नक्की. पण रुंजी? तिथे नवी भाषा, नवी शाळा, मी दिवसभर प्रयोगशाळेत. इथे आबा, आमराई, मालवणी, तिचे मित्र. तिथे आई. इथे आई नाही. मी कागदावर दोन रकाने केले. दोन्ही सारखेच भरले. हृषीला विचारलं.

"तू म्हणशील ते, शरू."

"हृषी, या वेळेला तरी तू काहीतरी म्हण!"

समुद्रावरून आवाज यायला नेहमीच जरा वेळ लागतो. या वेळी जरा जास्तच लागला. "मी वर्षातले नऊ महिने तिच्याजवळ नसतो," तो म्हणाला. "मी कुठल्या तोंडाने सांगू, की तू बरोबर ने म्हणून? किंवा ठेव म्हणून?" मग, "माझ्या तोंडून यावं असं वाटतंय तुला. मला कळतं ते. पण खरंच येत नाही गं."

मी माझा स्वतःचा कानकौल घातला नाही. का, तर तेव्हा मला असं वाटलं होतं की प्रश्न माझा नाही, लेकीचा आहे. तिच्या आयुष्याचं मी कोण ठरवणार? तिचा कौल तिला मिळायला हवा. किती थोर वाटलं मला ते! हात झटकले तरी टाळ्या वाजवल्यासारखा आवाज येतो.

रविवारी सकाळी न्याहारीनंतर मी तिला समोर बसवलं. सगळं समजावून सांगितलं, चेन्नई, समुद्र, अठरा महिने म्हणजे किती, दोन गणपती आणि एक शिमगा. मग म्हटलं, "आईबरोबर जाणं उजवीकडे. आजोबांकडे राहणं डावीकडे."

रुंजीने मान तिरकी केली. बोटांनी फ्रॉकची कड धरली होती, ती चुरगळत गेली.

"डावं वाजलं," ती म्हणाली.

आणि मला, कसं सांगू, हलकं वाटलं. खूप चालून आल्यावर पाठीवरची पिशवी कुणीतरी काढून घ्यावी, तसं. क्षणभरच. मग मी तिला जवळ ओढलं आणि तिच्या केसांत तोंड खुपसून रडले, तेही खरंच होतं.

"रडू नको ना आई," रुंजी माझ्या पाठीवर थोपटत म्हणाली. "मला तेच हवंय. कौल आला ना."

*

त्याच दुपारी आम्ही आबांना सांगायला कुणकेवाडीला गेलो. मे महिना, ओसरीभर फणसाचा घमघमाट. मला तो वास लहानपणापासून सहन होत नाही, म्हणून मी पायरीवरच बसले. आबांनी बरका फणस फोडला होता. हाताला खोबरेल चोळून ते गरे सोडवून केळीच्या पानावर ठेवत होते.

"काय गो शरू, आज अवचित?"

"आबा, माझा चेन्नईचा झाला. जूनपासून जातंय. आणि रुंजी तुमच्याकडे रवता."

आबांचे हात थांबले. "आणि ह्या कोणी ठरवल्यान?"

"तिनाच. कौल घेतल्यान आज सकाळी."

आबांनी रुंजीकडे पाहिलं. ती त्यांच्या शेजारी उकिडवी बसली होती, डोळे पानावर. "खरा काय गो बाये? आजोबांकडे रवतलंस?"

"हो. डावं वाजलं," रुंजी म्हणाली.

"देवाचो कौल मी लय लावलंय," आबा पुन्हा गऱ्यांकडे वळत म्हणाले, जणू माझ्याशी नाहीच. "पण आपल्या घरचो कौल गुरवान आपण लावूचो नसता. तुझ्या लग्नाचो कौल वेंगुर्ल्यासून माणूस बोलावून लावून घेतलंय. ठावक असा मा? पाकळ्ये लावणारो हात आपलो, आणि अडलेला कामय आपलाच. मगे बोट कमी-जास्त दाबला जाता. आपणाक कळणासुद्धा नाय. मगे देव खंय रवलो?" त्यांनी एक मोठा गरा निवडून रुंजीपुढे धरला. "घे. ह्यो तुझ्यासाठी ठेवलंय."

रुंजीचा हात निघाला. मी बघत होते. त्या हाताने आधी धाव घेतली, बोटं उघडली, गऱ्याला टेकलीसुद्धा. मग ती थबकली. मान तिरकी झाली. बोटं मिटली आणि हात परत मांडीवर गेला.

"नको, आजोबा. मला वास सहन होत नाही."

आबा हसले. "वास? गेल्या वर्षी अर्धो फणस एकट्यान खाल्लंस तां कोण?" आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्या चेडू अगदी तुझ्या वयाचा झाला गो. तुझ्यासारखाच बोलता."

पायरीचा दगड तापलेला होता. मला तो एकदम गार लागला.

बटण तुम्ही कुठलंही दाबा. ते बटणाच्या आधीचं बघतं.

मी फणसाचं बटण दाबलं होतं. रुंजीला आवडतो म्हणून, मनापासून. आणि त्याच्या अर्धा क्षण आधी माझं नाक मुरडलेलं होतं. राखाडी रंग. बशीतला चहा. बंद खिडकी, बंद पंखा, 'थोडा वेळ एकटी बसते'. छत्तीस दिवस माझ्या चोरलेल्या चाळीस मिनिटांत बसून, चिडलेली, दमलेली, दाराकडे एक कान लावून, मी रुंजी होऊन बसले होते आणि यंत्र मला वाचत होतं. गर्दी की एकांत. घर की वाट. बाळ मांडीवर घेतलेली बाई की खिडकीशी एकटी बसलेली बाई. होतं की तसंही चित्र. मी बाळाचं बटण दाबलं होतं. आठवतंय मला, ठासून दाबलं होतं.

सकाळचं ते हलकं वाटणं पुन्हा आठवलं. माझं ओझं कुणी दुसऱ्याने उतरवलं नव्हतं. मीच उतरवलं होतं, आणि तिच्या तोंडून.

"शरू? काय झाला गो? चक्कर इली?"

"नाय आबा. जरा थांबा." मी ओसरीवर चढले. फणसाच्या वासात, थेट पानाजवळ जाऊन, रुंजीसमोर मांडी घातली. तिच्या उजव्या कानातला मणी काढला. मग डाव्या कानातला. कानाच्या पाळीवर लहानसा लाल वळ उठला होता. मी तो अंगठ्याने चोळला.

"रुंजी, ती चित्रं आठवतात? डोंगर, समुद्र, डोंगर?"

"हो. कंटाळवाणी."

"ती तू चारच दिवस बघितलीस. पुढची सगळी मी बघितली. तू शाळेत असताना. तुझ्याऐवजी."

"किल्ल्यासारखं?"

"किल्ल्यासारखंच."

आबांनी गरे सोडवणं थांबवलं. माशी आली तरी हाकलली नाही. रुंजी विचार करत होती. विचार करताना तिची मान आता सरळ होती, किती महिन्यांनी मी ती सरळ बघत होते.

"म्हणजे यात जे वाजतं ते तुझं आवडतं आहे?"

"हो, राणी. चुकलं माझं."

"चहा तुझा?"

"माझा."

"राखाडी फ्रॉक पण?"

"तो पण."

"मला वाटलंच," ती म्हणाली आणि खुदकन हसली. "तो टोचतो." मग तिने पानाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. कुणालाही न विचारता पानावरचा तो मोठा गरा उचलला आणि अख्खा तोंडात कोंबला. गाल फुगले, हनुवटीवरून रस ओघळला. आबा मोठ्याने हसायला लागले. मीसुद्धा हसत होते, पदराने तिचं तोंड पुसत होते. मनात म्हणत होते की झालं, सुटलो, एवढ्यावर भागलं.

रुंजीचं चावणं मध्येच थांबलं.

तिने आठळी तोंडातून काढून पानाच्या कडेला नीट ठेवली. चिकट बोटांनी माझी बांगडी धरली, आणि अगदी साध्या आवाजात, मोज्यांबद्दल विचारावं तसं, विचारलं,

"आई, मग मला आजोबांकडे ठेवायचं, ते कोणाचं आवडतं होतं?"